सरळ दोरा वाकडा दिसू लागला

मला कॅन्सर झाला तेव्हा मी रडले नाही, असं आमच्या गल्लीत अजून सांगतात. साफ खोटं आहे. रिपोर्ट हातात आला त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले, रिक्षात रडले, आणि घरी आल्यावर भात गिचका झाला म्हणून पुन्हा रडले. नंतर थांबले, कारण दुसऱ्या दिवशी तीन गिऱ्हाइकांना वायदा दिलेला होता.

हे लिहिते आहे ते कॅन्सरबद्दल कमी आणि डोळ्यांबद्दल जास्त. ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांबद्दल सांगणारी माणसं मला पुष्कळ भेटली, न विचारता भेटली. पण हे सगळं उरकल्यावर पाच वर्षं रोज घ्यायची एक एवढीशी पांढरी गोळी असते, आणि ती एखादीच्या डोळ्यांशी काय खेळ करू शकते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलंही असेल आणि मी ऐकलं नसेल. त्या दिवसांत माझ्या कानांत काही शिरत नव्हतं.

माझी पायरी

पनवेलच्या जुन्या बाजारात सोनारांच्या दुकानांची ओळ आहे, तिथल्या एका पायरीवर माझी बैठक. मंगळसूत्रं ओवून, गाठवून देण्याचं काम. सासूबाई करायच्या, त्यांच्यानंतर मी. पांढरं फडकं पसरायचं, त्यावर काळे मणी ओतायचे, बारीक तारेची सुई, मेण लावलेला दोरा, एवढाच संसार. शिरढोणच्या, ओवे गावच्या, पार उरणच्या बायका माझ्याकडे येतात. मुसलमान मोहल्ल्यातल्या बायका काळी पोत ओवायला आणतात. पनवेल-उरणकडच्या जमिनी विकल्या गेल्या, विमानतळ येणार विमानतळ येणार असं सुरू झालं, आणि माझ्या डोळ्यांदेखत मंगळसूत्रं जड होत गेली. दोन सरांचे चार सर झाले. मण्यांचं काम तेवढंच वाढलं.

गळा मोकळा ठेवू नये असं बायका मानतात. म्हणून मंगळसूत्र माझ्या हातात असेपर्यंत बाईच्या गळ्यात बांधायला मी हळकुंड लावलेले पिवळे दोरे तयार ठेवते. बाई दोरा बांधून पायरीवर बसते, सासूला नावं ठेवते, मी ओवते. काम झालं की दोरा सोडून देते आणि जाते.

या कामात एकच गोष्ट महत्त्वाची, ती म्हणजे टवका उडालेला मणी वेळेवर दिसणं. काचेचा मणी कुठेतरी किंचित फुटलेला असतो. त्याची धार आतल्या आत दोरा कापत राहते. मग एक दिवस दोरा जातो आणि मंगळसूत्र वाढतं. तुटतं म्हणायचं नाही, वाढतं म्हणायचं. पण शब्द बदलला म्हणून बाईच्या पोटातला गोळा काही कमी होत नाही. म्हणून मी मणी आधी निवडून घेते, तांदूळ निवडावेत तसे. तीस वर्षांत माझ्या हातचं एकही मंगळसूत्र वाढलं नाही, याचा मला फार तोरा होता.

गाठ

आंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ लागली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. लग्नसराई चालू होती. मी ठरवलं, सराई संपू दे, मग दाखवू. असे मी दोन महिने घालवले. हे वाचून कुणी मला मूर्ख म्हणेल तर म्हणू दे. फक्त तिने स्वतः तसं करू नये.

आमचे हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक. बिघाड झालेली गाडी उभी करून ठेवलेली यांना सहन होत नाही. गाठीचं कळल्यावर हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी सुट्टी काढून मला घेऊन गेले. मुलगी वैशाली तेव्हा कॉलेजात होती. तपासणी पनवेलला झाली, पुढचं सगळं मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात.

ऑपरेशनच्या दिवशी सिस्टरने सांगितलं, अंगावरचं सगळं सोनं काढा. मी दुसऱ्या बायकांच्या गळ्यातली मंगळसूत्रं शेकड्यांनी काढली होती, पण स्वतःचं काढताना हात अडला. तेवढ्यात यांनी खिशातून एक पिवळा दोरा काढला. माझ्याच बैठकीवरच्या डब्यातून सकाळी उचलून आणला होता. हळकुंडाला गाठ इतकी बेढब मारली होती की मी हसले. सिस्टर केरळची होती. तिने दोरा बोटात धरून बघितला आणि म्हणाली, "धातू नाही ना? चालेल." तो गळ्यात घालूनच मी आत गेले. त्या सिस्टरचं नाव विचारायचं राहिलं याची मला अजून हळहळ वाटते.

केमोचं मी लांबवत नाही. केस गेले, चव गेली, पाळी गेली. पायरीवरची बैठक आठ महिने बंद राहिली. नंतर डोक्याला ओढणी बांधून मी परत बसले तेव्हा पहिली आली ती मोहल्ल्यातली हमीदाआपा. तिचा नवरा कुवेतला, आणि तिची पोत दर चार महिन्यांनी सैल होते असं तिचं म्हणणं. खरं तर तिला बोलायला कुणीतरी हवं असतं. मला बघून ती म्हणाली, "ओढणी माझ्यापेक्षा तुला छान दिसते गं." आणि पोत माझ्या हातात दिली.

पांढरी गोळी

कॅन्सरच्या डॉक्टरमॅडमनी सांगितलं ते मला कळलं तसं सांगते. माझी गाठ बाईच्या अंगातल्या हार्मोनवर पोसली जाणारी होती. टॅमॉक्सिफेन नावाची गोळी त्या हार्मोनची वाट अडवते. रोज एक, पाच वर्षं, चुकवायची नाही.

अंगातून वाफा निघायच्या. भर जानेवारीत मी पदराने वारा घेत बसायची. पायात गोळे यायचे. पण जीव वाचवणाऱ्या औषधाशी भांडायचं कशाला, म्हणून रोज सकाळी आठ वाजता मी ती घ्यायची. दोन वर्षं अशी गेली. दर सहा महिन्यांची तपासणी स्वच्छ निघत होती.

तिसऱ्या वर्षी अक्षरं धूसर व्हायला लागली. पन्नाशीला आलेल्या बाईला धूसर दिसतंय म्हटल्यावर जग एकच सांगतं, चष्मा बदला. मी बदलला. पाच महिन्यांनी पुन्हा बदलला. चष्म्याच्या दुकानातला माणूस म्हणाला, नंबर तसा फारसा वाढलेला नाही. तरी मी नवीन काचा घेतल्या. मला वाटलं, माझे डोळे तीस वर्षं राबलेत, थकले असतील.

मग दोरा वाकायला लागला. मी दोरा दोन हातांत ताणून मेण लावते. तो ताठ ताणलेला दोरा मला मधोमध जरासा वर उचलल्यासारखा दिसायचा. मी तो सोडायची, पुन्हा ताणायची. पुन्हा तेच. मला वाटलं, दोराच खराब आलाय. मुंबईच्या ज्या दुकानातून मी वर्षानुवर्षं दोरा घेते, तिथे जाऊन मी भांडले. त्या बिचाऱ्याने तीन रिळं बदलून दिली. तिन्ही वाकडी निघाली. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, कारण सरळ दोरा वाकडा दिसणं हा डोळ्याचा आजार असू शकतो हेच मला माहीत नव्हतं.

उरणची बाई

वैशाखात एक दिवस उरणकडची एक बाई आली. तिच्या मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं आणि सुनेचं मंगळसूत्र माझ्याकडून ओवून नेलं होतं. तिने पदराची गाठ सोडली. आत काळे मणी, दोन वाट्या आणि तुटका दोरा होता.

"ताय, माज्या सुनंचा मंगलसूत्र वाढला," ती म्हणाली. "लगनाला पाच दिवस झालं नाय. माजा पोर बंदरावर कामाला हाय. वर क्रेन फिरते, खाली तो. मला झोप नाय वो लागत."

मी मणी फडक्यावर ओतले. म्हणाले, "दोरा खराब होता हो. आत्ता नवीन घालून देते."

"नाय," ती म्हणाली. "मी बसतंय इथं. मनी मी बगणार."

ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी असावी. चष्मा नव्हता. मी निवडून बाजूला केलेल्या मण्यांत ती बोट फिरवत गेली आणि एकेक मणी उचलून माझ्यापुढे ठेवत गेली. सात मणी. सातही टवका उडालेले. मी ते बोटाने चाचपले आणि खरंच धार लागली. डोळ्यांनी मला त्यातला एकही दिसला नव्हता.

"तुमाला दिसत नाय का ताय?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. मी तिला म्हणाले, नाही दिसत. माझी चूक आहे. मग ती मणी देत गेली आणि मी ओवत गेले. जाताना तिने वाट्यांना हळदकुंकू लावून घेतलं आणि मलाही लावलं. ती गेल्यावर मी बैठक गुंडाळली आणि बाराच्या उन्हात घरी आले.

तेवीस दिवस

त्याच संध्याकाळी मी चष्म्याच्या दुकानात गेले. त्या माणसाने माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, कसलं औषध चालू आहे का?" मी गोळीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "त्यानेही होऊ शकतं. तुम्ही लगेच डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरला दाखवा." मी त्यातलं पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं तिथेच सोडून आले.

घरी येईपर्यंत माझा विचार पक्का झाला होता. कॅन्सर तर गेलाय. गोळी फक्त पहाऱ्याला आहे. चोर पकडला गेल्यावर पहारेकरी चार दिवस सुट्टीवर गेला तर काय बिघडतं? सराई संपेपर्यंत बंद ठेवू, डोळे सुधारतील, मग पुन्हा घेऊ. सराई संपू दे, असं मी गाठ लागली तेव्हाही म्हटलं होतं. एकदा पोळलेली बाई पुन्हा त्याच तव्यावर हात ठेवायला निघाली होती आणि स्वतःला शहाणी समजत होती.

घरात कळू नये म्हणून मी रोज सकाळी पाकिटातून गोळी काढायची, पेलाभर पाणी प्यायची, आणि गोळी पदराला बांधून बैठकीवर नेऊन मण्यांच्या एका रिकाम्या डबीत टाकायची. पहिल्या आठवड्यात मला खरंच वाटलं की दोरा सरळ व्हायला लागलाय. माणसाला हवं ते दिसतं. दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा वाकला, आणि आता त्याच्या मध्यावर एक करडा डागही दिसायला लागला. आणि भीती दोन्ही बाजूंनी आली. डोळे सुधारत नव्हते आणि गोळी पोटात जात नव्हती. काखेत जरा दुखलं तरी मी न्हाणीघरात जाऊन चाचपायची. तरीही मी कुणाला सांगितलं नाही. इतके दिवस खोटं बोलल्यावर खरं कुठल्या तोंडाने सांगायचं, हे कळेना.

हमीदाआपा पोत घेऊन आली. मी बारीक मणी शोधत होते, ती म्हणाली थांब मी देते, आणि तिने नेमकी ती डबी उघडली. आत बघत राहिली. तिला माझी गोळी ओळखता येत होती, केमोनंतर सुरुवातीला सकाळी घरी येऊन कित्येकदा तिनेच मला गोळीबरोबर पाणी दिलं होतं.

"या अल्ला! सुनंदा, ह्या किती आहेत?"

"तेवीस."

तिने डबी बंद केली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. "तुला जान नको झालीय का? संध्याकाळी मगरिबच्या अजानच्या आत घरी सांगायचं. नायतर मी येऊन सांगते. आणि मी आले तर हळू नाय बोलणार, सगळी चाळ ऐकेल."

ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई आहे. मी घरी गेले आणि सांगितलं.

घरात

वैशाली तेव्हा नोकरीला लागली होती. ती पर्ससुद्धा खाली न ठेवता उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, "केमोच्या वेळी तू ओकत होतीस तेव्हा तुझं डोकं मी धरायचे. परीक्षा सोडली मी. आणि तू मला न विचारता गोळ्या डबीत टाकत होतीस?" मी म्हणाले, माझे डोळे जात होते गं. ती म्हणाली, "मग सांगायचं ना. डोळे काय तुझ्या एकटीचे आहेत?" आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

हे उठले, कपाटातून माझ्या रिपोर्टांची फाइल काढली, सकाळी निघायचं म्हणून दाराजवळ ठेवली. जेवताना मध्येच म्हणाले, "डोळे गेले तर मी ओवून देईन. हाताला ग्रीस असतं माझ्या, पण शिकेन." मला हसू आणि रडू एकदम आलं आणि ठसका लागला. यांनी पाणी दिलं. मला त्या घटकेला कळलं की डोळे गेले तरी मी उपाशी मरणार नाही, पण मी गेले तर हा माणूस डेपोतून कुणाकडे येणार?

चिठ्ठी

डॉक्टरमॅडमनी तेवीस दिवसांचं ऐकून पेन खाली ठेवलं. रागावल्या. रागावणारच. मग शांत होऊन म्हणाल्या की डोळ्यांचा त्रास फार थोड्या बायकांना होतो, पण होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांचं लेखी मत येईपर्यंत गोळी आजपासून पुन्हा सुरू. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली अकरा दिवसांनी.

ते अकरा दिवस मला सगळ्यांत जड गेले. डोळे खाणारी गोळी मी समजून उमजून, यांच्यासमोर, रोज घेत होते. पण आता हातावर हात ठेवून बसायचं नाही असं मी ठरवलं. खिडकीच्या चौकटीला मी एक पांढरा दोरा ताणून बांधला. रोज सकाळी एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने बघायचं, आणि दोरा जसा दिसेल तसा वहीत काढायचा. मग दुसऱ्या डोळ्याने. डाव्याला लहान उंचवटा, उजव्याला मोठा आणि त्यात तो करडा डाग. अकरा दिवसांची अकरा पानं झाली.

डोळ्यांचे डॉक्टर नवीन पनवेलला होते. तरुण, घाईतले. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, मशीनमध्ये हनुवटी ठेवायला लावून पडद्याचे फोटो काढले. दोन्ही पडद्यांच्या मध्यावर सूज होती आणि बारीक चकचकीत कण जमले होते. मग त्यांनी मला चौकटी आखलेला एक कागद दिला, रेघा वाकड्या दिसतात का बघा म्हणाले. मी पिशवीतून वही काढली आणि म्हणाले, हे मी अकरा दिवस करते आहे. त्यांनी पानं उलटली. घाई जरा कमी झाली. "हे कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, दोऱ्यानेच.

"ही गोळी बंद व्हायला हवी," ते म्हणाले. "पण तो निर्णय कॅन्सरच्या डॉक्टरांचा."

"त्या म्हणतात तुमचं लेखी हवं."

"पुढच्या वेळी या, रिपोर्ट तयार ठेवतो."

माझ्यासारखीला इथे उठून यायची सवय असते. डॉक्टर म्हणजे मोठी माणसं, आपण काय बोलणार. मी उठले नाही. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, घेतली तर डोळे जातात आणि सोडली तर जीव. मी एकदा माझ्या मनाने सोडली, ती चूक झाली. आता तुम्ही दोघांनी मिळून सांगा. चिठ्ठी मिळाल्याशिवाय मी या खुर्चीवरून उठत नाही." दारात यांनी मान खाली घातली होती, यांना असं बोलणं जमत नाही. डॉक्टरांनी लेटरहेड ओढून तिथल्या तिथे लिहिलं आणि माझ्या वहीची पानं झेरॉक्स काढून त्याला जोडली.

मॅडमनी चिठ्ठी वाचून त्यांना माझ्यासमोरच फोन लावला. दहा मिनिटं दोघं इंग्रजीत बोलले. एरवी मी अशा वेळी पंख्याकडे बघते, त्या दिवशी मॅडमच्या तोंडाकडे बघत बसले. मग माझी पाळी कायमची गेली आहे की नाही हे बघायला रक्त तपासलं आणि गोळी बदलली. पाळी गेलेल्या बायकांना चालणारी दुसरी गोळी. मॅडम म्हणाल्या, "हिने हाडं दुखतील, डोळे कोरडे पडतील, तक्रार असेल तर मला सांगायची. डबीला नाही." म्हणजे डबीची गोष्ट वैशालीने त्यांना सांगितली होती.

उरलं ते

हाडं दुखली. सकाळी उठताना बोटं वळत नसत, कोमट पाण्यात बुडवून ठेवल्यावर सुई धरता यायची. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, त्याला थेंब. पण चार महिन्यांत डाव्या डोळ्याचा दोरा सरळ झाला. उजव्याचा झाला नाही. सूज उतरली, उंचवटा बसला, पण मध्यावर एक अंधुक ठिपका राहिला तो राहिलाच. डॉक्टर म्हणाले, लवकर आला असतात तर कदाचित. चष्मे बदलण्यात आणि दोरेवाल्याशी भांडण्यात घालवलेलं वर्ष मला माहीत होतं.

दोरेवाल्याची मी जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, बाई, मी तर तुमच्यासाठी सुरतेहून दुसरा दोरा मागवला होता.

काम मी सोडलं नाही. दिवा आणि भिंग लावून सकाळच्या उजेडातच ओवते. बसणाऱ्या बाईला आधीच सांगते, माझा उजवा डोळा अधू आहे, मणी तुमच्याही नजरेखालून जाऊ देत. सुरुवातीला वाटलं गिऱ्हाईक तुटेल. उलट बायका पुढे सरकून मन लावून मणी निवडतात. डेपोतून निवृत्त झाल्यापासून हेही शेजारी बसतात. मणी निवडायला यांचे डोळे उत्तम आहेत, गाठ मात्र अजून बेढबच.

ज्यांची ही गोळी चालू आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. बहुतेकींना डोळ्यांचं काही होत नाही, तेव्हा माझं वाचून गोळीला घाबरू नका. सुरू करताना एकदा डोळे तपासून घ्या आणि पुढे तपासत राहा. धूसर दिसलं, रेघ वाकडी दिसली, डाग दिसला, तर चष्म्याच्या दुकानात थांबू नका. आणि स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टर रागावले तर रागावू देत, त्यांच्या रागाने कुणी मेलेलं मी बघितलेलं नाही.

शेवटची तपासणी

पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मॅडमनी सगळे रिपोर्ट चाळले, फाइल मिटली आणि म्हणाल्या, "झालं. उद्यापासून गोळी बंद."

मी म्हणाले, "मॅडम, आणखी एक वर्ष घेतली तर?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "डोळ्यांसाठी खुर्ची न सोडणाऱ्या बाई तुम्हीच ना?"

"हो. पण घेतली तर?"

"हाडं झिजतायत तुमची. आता गरज नाही."

मग मी विचारलं. तोपर्यंत कधीच विचारलं नव्हतं. "त्या तेवीस दिवसांचं काय?"

त्या हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "त्यांनी काही केलं की नाही, मला सांगता येणार नाही. तुम्हालाही कळणार नाही. आजचा रिपोर्ट स्वच्छ आहे, एवढं मी सांगू शकते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी सवयीने पेला भरला. पाकिटात चार गोळ्या उरल्या होत्या. मला त्या घ्यायच्या होत्या. चारच तर होत्या, कुणाला कळणार होतं? चोरून सोडली होती तेव्हा माझा हात एकदाही अडला नव्हता, आणि आता सांगून सोडायची तर पाकीट हातातून सुटेना. हे समोर पेपर वाचत होते. पेपर खाली आला. वैशाली दारात चप्पल घालायची थांबली होती.

मी पाकीट यांच्या हातात दिलं. मग मी पेल्यातलं नुसतं पाणी प्यायले.